शंभराला बासष्ट

वेधशाळेच्या गच्चीवरून रोज सकाळ-संध्याकाळ एक पांढरा फुगा आकाशात सोडायचा, हे ज्याचं काम, त्याला लोकांनी फुगेवाले म्हटलं तर त्यात लोकांचा काय दोष? फुगा काही जत्रेतला नव्हे. शेडमध्ये गॅस भरला की तो माणसाहून उंच व्हायचा. त्याला दोरीनं एक हलकी पेटी बांधायची, वारा कुठून येतोय ते बघून थोडं पळायचं आणि सोडून द्यायचा. पेटी वर जाता जाता वाऱ्याची आणि थंडीची खबर खाली कळवत राहायची. फुगेवाल्यांनी हे काम जन्मभर इमानानं केलं. एकदाच फुग्याची दोरी साहेबांच्या वाळत घातलेल्या कपड्यांत अडकली आणि साहेबांचा शर्ट ढगात गेला. त्याची रीतसर चौकशी झाली आणि सगळा ठपका वाऱ्यावर ठेवण्यात आला.

पण फुगेवाल्यांचा खरा जीव फुग्यात नव्हता. तो होता शंभराला बासष्टमध्ये.

त्याचं असं झालं. ऐन तरुणपणी न्हाव्याच्या दुकानात बसून पेपर चाळताना त्यांच्या नजरेस एक तक्ता पडला. कुठलं राज्य केंद्राला किती कर देतं आणि केंद्र त्या राज्यात किती पैसा परत आणून खर्च करतं, याचा तो तक्ता. त्यांचं राज्य, म्हणजे नदीच्या अलीकडचं, बंदराचं नि कारखान्यांचं, शंभर देत होतं आणि त्याच्या पदरात परत पडत होते बासष्ट. नदीपलीकडचं डोंगराळ राज्य शंभर देत होतं आणि उचलत होतं एकशे ऐंशी! न्हाव्यानं "डोकं सरळ धरा" असं पुनःपुन्हा सांगूनही ते संतापानं हलतच राहिलं, आणि त्या दिवशी केस एका बाजूला जरा जास्तच उतरले.

तेव्हापासून फुगेवाल्यांना जगात कुठल्याच गोष्टीचं कोडं पडेनासं झालं. रस्त्यात खड्डा लागला की म्हणत, "गेला, आपला रस्ता पलीकडे गेला." बस उशिरा आली की म्हणत, "चाकं पलीकडे गेली असतील." जिन्यातला दिवा गेला तर ते बल्ब बदलायच्या आधी नदीच्या दिशेला एकदा रागानं बघून घेत. त्यांची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून सगळ्या गावाचं ऐकायची, त्यामुळे घरी आल्यावर नवऱ्याचं न ऐकण्याची कला तिला आपोआप साधली होती.

संसार असा शंभराला बासष्टच्या तालावर छान चालला होता. आणि एका संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, मी लग्न ठरवलंय."

"कोणाशी?"

"चांगला आहे मुलगा. कवळ्या बनवतो दातांच्या. स्वतःची लॅब आहे."

"अरे वा! कुठे आहे लॅब?"

मुलीनं जरा घुटमळून खिडकीबाहेर बोट केलं. बोट नदीकडे गेलं आणि नदीवर न थांबता पुढे गेलं.

"एकशे ऐंशी?" फुगेवाले किंचाळले.

पण मुलगी एकुलती एक, आणि बापाकडून उचललेल्या हट्टातला एक पैसाही ती परत करायला तयार नव्हती. पुढच्याच रविवारी तिघं बसमध्ये बसून पुलापलीकडे निघाले.

तिकडचा रस्ता फुगेवाले पहिल्यांदाच बघत होते. रुंद, गुळगुळीत, वळणावळणाला कठडे, डोंगर पोखरून काढलेला झगझगीत बोगदा. बसमध्ये सगळ्यांना गाढ झोप लागली. फुगेवाले मात्र जागे राहून एकेक किलोमीटर मोजत होते. आपलं पोर गेलं ते गेलं, वर रस्ताही गेला!

मुलाची आई डोंगरातल्या त्या गावात ड्रायव्हिंग स्कूल चालवत होती. नवरा गेल्यापासून तिनं अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती आणि उरलेल्या अर्ध्याला रस्त्यातून बाजूला कसं व्हायचं ते. आवाज असा, की तिनं नुसतं "या" म्हटलं तरी माणसाचा पाय ब्रेक शोधायला लागावा. मुलगा मात्र अगदी शांत. दिवसभर दुसऱ्यांच्या जबड्यांचे साचे हाताळून स्वतःचं तोंड उघडायचं तो विसरूनच गेला असावा.

बसणं झालं, पाणी झालं. विहीणबाईंनी विचारलं, "रस्त्यात त्रास नाही ना झाला? आमचा रस्ता कसा वाटला?"

"उत्तम," फुगेवाले म्हणाले. बायकोनं घाईघाईनं त्यांचा पाय दाबला, पण तोवर वाक्य सुटलं होतं. "आमच्याच पैशाचा आहे."

विहीणबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"अस्सं होय!" विहीणबाई म्हणाल्या. "बरं झालं मालकच आलात ते. पुढच्या वळणावर खड्डा पडलाय, तेवढा जाता जाता बुजवून जा."

फुगेवाल्यांनी मग सगळा तक्ता तोंडपाठ म्हणून दाखवला. विहीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या कारखान्यांना वीज कुठून येते?"

"तारेतून."

"आणि तारेत? इथल्या धरणातून. माझं माहेर बुडालंय त्या धरणात, घर, विहीर, शाळा सगळं. वीज इथे तयार होते आणि कंपनीचं ऑफिस तुमच्या शहरात. मग तिचा कर कुठे भरला जातो?"

"आमच्याकडे."

"म्हणजे बुडायचं आम्ही आणि शंभर तुमचे!"

"पण तक्त्यात असं धरत नाहीत, विहीणबाई."

"मग तक्ता करणाऱ्यांना एकदा इथे पाठवा, मी धरते त्यांना." मग एकदम आठवल्यासारखं करून त्या म्हणाल्या, "आणि व्याहीबुवा, वेधशाळा कोणाची हो? पगार कोण देतं तुम्हाला?"

"केंद्र," फुगेवाले अभिमानानं म्हणाले.

"म्हणजे ते बासष्ट परत येतात ना, त्यातच तुम्ही आलात."

फुगेवाल्यांना कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं ते स्वतःला शंभरातले समजत होते. परतीच्या बसमध्ये ते एक शब्द बोलले नाहीत. बायकोला वाटलं, लागला वाटतं बोगद्याचा वारा. मुलगा पसंत आहे की नाही, हे सांगायचं ते विसरून गेले, आणि त्याचा अर्थ होकार असा धरून लग्न उरकलं गेलं.

वर्षं गेली. फुगेवाले निवृत्त झाले आणि त्याच सुमाराला बायकोच्या छातीनं त्रास द्यायला सुरुवात केली. कारखान्यांचा धूर तिला सोसेना. जिना चढली की भिंतीला टेकून उभी राहायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, औषधानं जे होणार नाही ते मोकळ्या हवेनं होईल, डोंगरात राहायला जा. मुलगी तर कधीची मागे लागली होती. घर बघून ठेवलं होतं तिनं.

"मला नाही जमायचं," फुगेवाले म्हणाले.

"का?" बायकोनं विचारलं.

"अगं, मी तिकडे राहायला गेलो की माझं पेन्शन त्यांच्या राज्यात धरलं जाणार! म्हणजे एकशे ऐंशीत मी आणखी भर घालणार. जन्मभर ज्या भोकाविरुद्ध ओरडलो, त्या भोकातून मीच गळू?"

बायको बोलायला लागली, पण मधेच तिला धाप लागली. ती खाली बसली, श्वास आला तसा म्हणाली, "अहो, मला हवा पाहिजे. कुठल्या का राज्याची असेना." फुगेवाल्यांनी त्याच दुपारी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. तक्त्याचं नावही काढलं नाही.

डोंगरात बायको महिन्याभरात खुलली. फुगेवाले मात्र अपराध्यासारखे राहत होते. शेवटी त्यांनी एक तोड काढली. पेन्शनचं खातं जुन्या शहरातच ठेवायचं. दर महिन्याला बसनं खाली जायचं, तिथेच पैसे काढायचे आणि तिथल्याच बाजारात घरातलं सगळं सामान भरायचं. म्हणजे राहणं इकडे, पण खर्च तिकडे. आपल्या राज्याचा आपल्यामुळे तोटा नको! मग ते साबण, तेल, पीठ, बटाटे अशी पोती घेऊन धापा टाकत डोंगर चढायचे. बसचा कंडक्टर त्यांना दुकानदारच समजायचा.

एके दिवशी ते असेच बटाट्याचं पोतं ओढत दारात आले, तर विहीणबाई त्यांच्या बायकोला भेटायला आलेल्या. त्यांनी पोत्याकडे निरखून बघितलं. पोत्यावर निळ्या शाईचा शिक्का होता. तो त्यांनी मोठ्यानं वाचला. फुगेवाल्यांच्या घराच्या खिडकीतून जी शेतं दिसायची, तिथल्याच शेतकरी संघाचा तो शिक्का होता.

"बटाटे खाली फिरायला गेले होते वाटतं?" विहीणबाईंनी विचारलं. "हवापालटाला?"

फुगेवाल्यांनी उत्तर द्यायला मान वर केली, आणि कमरेत जी उसण भरली ती त्यांना आठवडाभर पलंगावर घेऊन पडली. बायको हसता हसता खोकली, पण तो खोकला चांगला होता.

ते उठून बसल्यावर विहीणबाईंनी फर्मान काढलं. असं पोती उचलून म्हातारपण निभणार नाही, गाडी शिकायची. नाही म्हणायची सोय नव्हती. शिकवणीच्या गाडीत विहीणबाईंच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच होते, त्यामुळे गाडी कोण चालवतंय, हे फुगेवाल्यांना नक्की कधीच कळायचं नाही. चढावर गाडी थांबवून पुन्हा पुढे काढायची म्हटलं की त्यांच्या नाकी नऊ येत. गाडी मागे घरंगळायची आणि विहीणबाई ओरडायच्या, "क्लच! अहो क्लच! ते केंद्राचं राहू द्या, पायाखालचं बघा!"

त्याच वर्षी राजधानीहून आयोग आला. केंद्राचा पैसा राज्याराज्यांत कसा वाटायचा, हे हा आयोग ठरवणार होता, आणि त्यासाठी गावोगावी लोकांचं म्हणणं ऐकून घेत होता. गावच्या सभागृहात सुनावणी ठेवली होती. गावातर्फे विहीणबाईंनी बोलायचं ठरलं होतं, पण शिकाऊ मंडळींवर ओरडून ओरडून आदल्याच दिवशी त्यांचा घसा बसला. त्यांनी हातवारे करून फुगेवाल्यांना पुढे केलं. घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "आकडे तुमचे पाठ आहेत. फक्त या वेळी आमच्या बाजूनं बोला."

फुगेवाल्यांनी आदल्या दिवशी तयारी केली. धरण, बुडालेलं गाव, वीज, बटाटे, सगळं मनात घोळवलं. सभागृह भरलेलं. आयोगाचे अध्यक्ष जाड भिंगाचा चष्मा लावून, चेहऱ्यावर फार गावं ऐकून झाल्याचा शीण घेऊन बसले होते. बायको पुढच्या रांगेत बसली होती. त्यांचं नाव पुकारलं गेलं. फुगेवाले उभे राहिले, माईकनं एक किंकाळी मारली, आणि जन्मभराची सवय त्यांच्या आधी बोलून गेली.

"अध्यक्षमहाराज, या राज्याला फार जास्त मिळतं!"

अध्यक्ष खुर्चीत सावरून बसले. डोळे चकाकले त्यांचे. "पुन्हा सांगा," ते म्हणाले. "इतक्या राज्यांत फिरलो, सगळीकडे एकच ऐकलं, आमच्यावर अन्याय होतो. आम्हाला जास्त मिळतं असं सांगणारे तुम्ही पहिलेच. लिहून घ्या हो हे."

"नाही, म्हणजे मला म्हणायचं होतं..." फुगेवाले सावरायला गेले. धरण आठवेना, बटाटे आठवेनात. कारकुनानं लिहून घेतलं होतं. अध्यक्षांनी हात जोडून आभार मानले आणि पुढचं नाव पुकारलं.

बाहेर पडल्यावर गावानं त्यांच्याकडे बघणं सोडलं. वाणी दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलू लागला, दुसरं गिऱ्हाईक नसतानाही. जावयानं कधी नव्हे ते तोंड उघडलं आणि "बाबा!" एवढंच म्हणून परत मिटलं. विहीणबाईंचा घसा बसलेला होता हे सगळ्यांचं नशीब. फुगेवाले घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. "मी इकडचाही नाही राहिलो आणि तिकडचाही," ते बायकोला म्हणाले.

"माझे आहात तेवढं पुरे आहे," बायको म्हणाली. "पण हे निस्तरायला हवं."

निस्तरायची वेळ दुसऱ्याच दिवशी सकाळी आली. बोगद्याच्या अलीकडे दरड कोसळली. आयोगाच्या गाड्या डिझेल भरायला खाली गेल्या होत्या, त्या पलीकडे अडकल्या. अध्यक्षांना तर दुपारची गाडी गाठायची होती. स्टेशनला जायला धरणाच्या काठाकाठानं जाणारा जुना अरुंद रस्ता तेवढा उरला होता, आणि त्या रस्त्यावर जाईल अशी गावात मोकळी गाडी एकच, विहीणबाईंची. पुढे-मागे 'शिकाऊ' असं लाल अक्षरात लिहिलेली.

अध्यक्ष मागच्या सीटवर बसले. विहीणबाईंनी फुगेवाल्यांना घरून बोलावून घेतलं आणि स्टिअरिंगकडे बोट दाखवलं.

"मी?" फुगेवाले एक पाऊल मागे सरले.

"तुम्हीच बोललात, तुम्हीच न्या," विहीणबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या आणि शेजारी बसल्या.

"हे शिकलेले आहेत ना?" मागून अध्यक्षांनी विचारलं.

"शिकताहेत," विहीणबाई म्हणाल्या.

गाडी सुटली. उजवीकडे डोंगर, डावीकडे खाली धरणाचं पाणी. पहिल्याच चढावर गाडी थांबली आणि आपल्या सवयीनं मागे घरंगळू लागली. अध्यक्षांनी पुढच्या सीटला मिठी मारली. विहीणबाईंनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला आणि गाडी पाण्याच्या अगदी कडेला थांबली.

"आता बोला," त्या फुगेवाल्यांना म्हणाल्या. "काल राहिलेलं."

आणि काय आश्चर्य, माईक नव्हता म्हणून असेल किंवा जीव जायचीच वेळ आली होती म्हणून असेल, फुगेवाल्यांना सगळं आठवलं. खाली पाण्याकडे बोट करून ते म्हणाले, "साहेब, इथे यांचं माहेर आहे. त्या तारा बघा, खाली जाताहेत. कर खाली भरला जातो. मी तिथलाच. हे आमचं खातात म्हणून जन्मभर ओरडलो, आणि माझा पगार त्या बासष्टातलाच होता ते मला यांनी सांगितल्यावर कळलं. आता पेन्शन इथे आणून खातो. बायकोला इथे श्वास घेता येतो, तो कुठल्या खात्यावर धरायचा ते मला सांगा. मी काल चुकलो. मला तुमच्याइतकं शिकता नाही आलं, पण—"

"सगळं पटलं!" अध्यक्ष डोळे मिटून ओरडले. "गाडी पुढे घ्या!"

"क्लच," विहीणबाई म्हणाल्या.

या वेळी गाडी पुढे गेली. स्टेशनवर उतरल्यावर अध्यक्षांनी प्लॅटफॉर्मच्या खांबाला हात लावून बराच वेळ दम घेतला. इतिवृत्तात एकदा आलेलं वाक्य खोडता येत नाही, असं त्यांनी मोठ्या दिलगिरीनं सांगितलं. मात्र खाली टीप देता येईल म्हणाले.

पुढच्या वर्षी अहवाल आला. फुगेवाल्यांच्या वाक्याखाली खरोखरच टीप होती: 'सदर साक्षीदार अद्याप शिकत आहेत.' फुगेवाल्यांच्या जुन्या राज्याला आता बासष्टाऐवजी त्रेसष्ट मिळणार होते आणि डोंगराला एकशे ऐंशीऐवजी एकशे ब्याऐंशी. हे दोन्ही कसं साधलं ते आयोगालाच ठाऊक. कुठल्या तरी तिसऱ्या राज्याच्या ताटातलं काढलं असणार. दोन्ही बाजूंच्या पेपरांनी मोठ्या अक्षरात अन्याय झाल्याचं छापलं. फुगेवाल्यांनी दोन्ही पेपर वाचले आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना दोन्हीकडून राग आला. मग बायकोनं हाक मारली म्हणून ते तिच्याबरोबर फिरायला गेले. चढावर ती त्यांच्या पुढे होती.

गावानंही हळूहळू त्यांना माफ केलं, कारण टीप सगळ्यांना फार आवडली होती. फुगेवाल्यांना लायसन्स मिळालं, चौथ्या खेपेला. विहीणबाईंनी त्यांना स्कूलमध्ये नोकरी देऊ केली. गाडी नव्हे, फक्त खोलीत बसून खुणांचे फलक शिकवायचे. ते मन लावून शिकवतात. फलकावरून विषय रस्त्यावर जातो, रस्त्यावरून रस्ता कोणाच्या पैशाचा यावर, आणि तास संपेपर्यंत बायाबाप्यांना देशातल्या प्रत्येक राज्याचा वाटा पाठ होतो. परवा एक बाई परीक्षेला गेल्या. परीक्षकानं त्रिकोणी फलक दाखवून विचारलं, हा कशाचा? त्या म्हणाल्या, केंद्राचा. त्या नापास झाल्या, पण परीक्षकाशी तासभर वाद घालून आल्या. विहीणबाईंनी त्यांची फी परत केली नाही.